स्लाइड कधीच क्रॅश होत नाही

माझ्या लॅपटॉपवर 'पिग्मी' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात तेवीस स्लाइड्सचा एक पिच डेक आहे. त्याच्या नऊ आवृत्त्या आहेत: 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच'. पाच सीझनचा आराखडा आहे. रंगसंगती ठरवणारा मूडबोर्ड आहे. मुख्य भूमिकेसाठी तीन नटांचे फोटो आहेत, ज्यांना मी या जगात आहे हेही माहीत नाही. हे सगळं करायला मला दोन वर्षं लागली. आणि त्या दोन वर्षांत माझ्या मालिकेतल्या एकाही पात्राने एक वाक्यसुद्धा उच्चारलं नव्हतं.

हा लेख त्या दोन वर्षांच्या रागातून आलाय. थोडा राग स्वतःवर, आणि बराचसा त्या सल्ल्यावर, जो मालिका लिहू पाहणाऱ्या प्रत्येक पोराला मिळतो: "आधी डेक बनव. स्क्रिप्ट कोण वाचतंय?"

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. मालिका लिहायची असेल तर आधी तिचा पहिला भाग लिहा. पूर्ण. पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत, संवादांसकट. डेक नंतर, तोही कोणी मागितलाच तर.

या पहिल्या भागाला पायलट म्हणतात. अमेरिकेत चॅनेलवाले मालिका घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी आधी हा एकच भाग लिहून आणि बनवून घ्यायचे, तिथून हा शब्द आला. तासाभराच्या मालिकेचा पायलट साधारण साठ पानांचा, अर्ध्या तासाचा तीसेक पानांचा. ऐकायला कमी वाटतं. लिहायला बसा, मग कळतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हिंजवडीत काम करतो. डेक इतका गोड का लागतो हे मला माझ्या नोकरीमुळे नीट कळतं. आमच्याकडे नवीन सिस्टीमची पहिली मीटिंग असते तेव्हा स्क्रीनवर चौकोन असतात आणि चौकोनांना जोडणारे बाण असतात. सगळे माना डोलावतात. त्या चित्रात कधीच काही बिघडत नाही. मग कोणीतरी खरा कोड लिहितो, आणि पहिल्याच दिवशी कळतं की दोन चौकोनांमधला तो बाण अशक्य आहे. बाण काढणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. स्लाइड कधीच क्रॅश होत नाही, हाच तिचा दोष आहे.

माझा डेक एका पिग्मी एजंटबद्दल होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज बाजारात फिरतो, पानवाल्याकडून वीस, भाजीवालीकडून दहा, सलूनवाल्याकडून पन्नास रुपये गोळा करतो, हातातल्या छोट्या मशीनमधून पावती काढून देतो आणि संध्याकाळी संस्थेत भरणा करतो. त्यावर त्याला कमिशन मिळतं. माझे वडील, अण्णा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हेच काम करायचे. मी शाळेत असताना त्यांची पतसंस्था बुडाली. संचालक दिसेनासे झाले. लोकांना ओळखीचा चेहरा एकच होता, तो आमच्या घरात राहत होता.

डेकच्या चौथ्या स्लाइडवर मी इंग्रजीत लिहिलं होतं की हा एक प्रामाणिक पण हतबल बाप आहे, व्यवस्था आणि विवेक यांच्या कात्रीत सापडलेला. पाचव्या स्लाइडवर: 'गुल्लक' आणि 'स्कॅम १९९२' यांची भेट. सहाव्या स्लाइडवर: कुटुंबातला ताण वाढत जातो. ज्यांनी ज्यांनी डेक पाहिला ते म्हणाले, मस्त आहे, पावरफुल आहे. एकानेही विचारलं नाही की ताण वाढतो म्हणजे नेमकं कोण कोणाला काय म्हणतं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी वैतागून डेक बंद केला आणि पहिला भाग लिहायला घेतला. एकच दिवस घ्यायचा ठरवलं. संस्थेला कुलूप लागलंय, गावाला अजून कळलेलं नाही, एजंटला कळलंय. सकाळ होते. तो चपला घालतो, पिशवी खांद्याला लावतो, मशीन घेतो आणि रोजच्यासारखा बाजारात जातो. भाजीवाल्या मावशी दहाची नोट पुढे करतात. आता?

मी लिहिलं: तो नोट घेत नाही. म्हणतो, "मावशी, उद्यापासून नका देऊ." प्रामाणिक आणि हतबल, डेकप्रमाणे. दृश्य छान झालं. आणि मालिका तिथेच मेली. त्याने खरं सांगून टाकलं, आता दुपारपर्यंत गावभर होणार, मग दुसऱ्या भागात काय? पाच सीझनचा आराखडा तेराव्या पानावर संपला. डेकमध्ये जे दोन वर्षं उभं होतं ते एका नोटेपुढे टिकलं नाही.

चार दिवस अडकून होतो. शेवटी अण्णांना फोन लावला. आमच्या घरात हा विषय कधी निघत नाही. विचारलं, "संस्था बंद पडल्याचं कळल्यावर तुम्ही बाजारात गेला होतात का?"

"गेलो होतो."

"पैसे घेतले?"

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "घेतले. दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मशीन घरातच ठेवलं."

"का घेतले?"

"नसते घेतले तर गावाला कळलं असतं ना."

त्या दोन दिवसांचे पैसे कपाटात ठेवले होते, नंतर ज्याचे त्याला दिले, असं ते म्हणाले. आधीचे जे बुडाले ते बुडालेच. मग त्यांनी विचारलं, "पगार झाला का तुझा?" विषय संपला.

माझ्या हातात मालिका त्या फोननंतर आली. मावशी नोट पुढे करतात आणि तो ती घेतो. पावती फाडून देतो. हसून विचारतो, "नात कशी आहे?" इथे पहिला भाग संपतो आणि दुसरा आपोआप सुरू होतो, कारण आता त्याला रोज बाजारात जावं लागणार. माझ्या डेकमधला बाप खोटा होता. मुलाने बापासाठी तयार केलेलं ते चारित्र्याचं प्रमाणपत्र होतं. स्लाइडवर ते खपून गेलं. संवाद लिहायला घेतल्यावर खपलं नाही. (हे इथे लिहायची परवानगी अण्णांकडून घेतली आहे. "गावाचं नाव टाकू नको," एवढंच म्हणाले.)

आता बाजाराबद्दल बोलू, कारण डेकवाल्यांचा सगळा युक्तिवाद बाजाराचा आहे. कल्पना दमदार असली की झालं, असं ते म्हणतात. मग हे बघा. २००५ साली अमेरिकेत 'वीड्स' आली: पैशाची अडचण असलेली मध्यमवर्गीय आई गांजा विकू लागते. २००८ साली 'ब्रेकिंग बॅड' आली: पैशाची अडचण असलेला मध्यमवर्गीय शिक्षक अमली पदार्थ बनवू लागतो. एका ओळीत मांडलं तर दुसरीला पहिल्याच बैठकीत "हे तर झालंय" म्हणून परत पाठवतील. पण व्हिन्स गिलिगनचा पायलट उघडतो तेव्हा वाळवंटात एक गाडी सुसाट पळतेय आणि चालवणारा माणूस फक्त चड्डी आणि गॅस मास्क घालून आहे. तिथे तुलना संपते. वेगळेपण एका ओळीत मावत नव्हतं. ते पानांत होतं.

दुसरं उदाहरण मॅथ्यू वायनरचं. 'बेकर' नावाच्या एका विनोदी मालिकेवर नोकरी करता करता त्याने कोणी न मागता 'मॅड मेन'चा पायलट लिहिला. तो विकला गेला नाही. पण 'द सोप्रानोज'च्या डेव्हिड चेसने तो वाचला आणि त्याला आपल्या लेखकांत घेतलं. 'मॅड मेन' पडद्यावर आली ती २००७ साली, लिहिल्यानंतर काही वर्षांनी. न विकलेल्या पायलटने त्याला काम दिलं. न विकलेला डेक काय देतो? पुढचा डेक.

"ते अमेरिकेत. आपल्याकडे चॅनेलवाले दहा स्लाइड्स मागतात." बरोबर, मागतात. पण आपल्याकडे दैनंदिन मालिकेची श्रेयनामावली वाचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. या तिघांपैकी ज्या दोन खुर्च्यांवर नवा माणूस बसू शकतो त्या पटकथेच्या आणि संवादांच्या. तिथे तुम्हाला सीन लिहिता येतो का हेच बघायचं असतं. ते दाखवायला तुमच्याकडे काय आहे, मूडबोर्ड?

"पण स्क्रिप्ट पाठवली तर चोरतील." हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि नेमका उलटा आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात निकाल दिला. आनंद यांचं म्हणणं होतं की त्यांच्या 'हम हिंदुस्थानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलला. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो, संरक्षण मिळतं ते मांडणीला, असं तत्त्व त्या निकालात आहे. आता तुमचा डेक उघडा. त्यात कल्पना आहे, विषय आहे, सांगाडा आहे. म्हणजे कायद्याने ज्याला कुंपण नाही नेमकं तेवढंच तुम्ही मेल करताय. दृश्यं आणि संवाद लिहिलेली पस्तीस पानं हे तुमचं म्हणता येईल असं काहीतरी आहे. पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या साइटवर ती नोंदवून ठेवा. अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं याचा तो पुरावा असतो.

"फुकट का लिहायचं?" हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. निर्माता म्हणाला, "जरा पाच भाग लिहून दाखव, मग बघू," तर नाही म्हणा. ते त्याचं काम आहे, त्याचे पैसे त्याने द्यावेत. पण पहिला भाग कोणाच्या सांगण्यावरून लिहायचा नाही. तो तुमचा आहे, म्हणून तो एकच तुम्ही फुकट लिहायचा. आणि ज्यांच्याकडे सुट्टी नाही, घरात स्वतःची खोली नाही, त्यांना हे माझ्याइतकं सोपं नाही, हेही मान्य. पण डेकलाही रात्रीच जातात. माझ्या दोन वर्षांच्या गेल्या.

डेकवर माझा आणखी एक राग आहे. तो इंग्रजीत असतो. आपण मराठीत भांडणारी माणसं इंग्रजीत मांडतो, विकण्यासाठी. माझ्या डेकमध्ये अण्णा 'कॉन्फ्लिक्टेड' होते. आमच्याकडे कोणी कॉन्फ्लिक्टेड नसतं. आमच्याकडे माणूस जेवणावरून उठतो, किंवा "मला काय विचारता, मी नोकर माणूस," म्हणतो. मराठीत लिहायला लागल्यावर पहिल्यांदा माझी पात्रं एकमेकांना अहो-जाहो करू लागली, आणि संस्था बुडाल्यावर कोणी अहोवरून अरेवर आलं हाच एक प्रसंग झाला. तो इंग्रजीत सापडलाच नसता, कारण तिथे दोघांनाही एकच शब्द. पुढे हिंदीत करायची वेळ आली तर करू. आधी माणसं ज्या भाषेत खोटं बोलतात त्या भाषेत लिहा.

सुरुवात कशी करायची, तर माझ्या चुकांवरून एवढं सांगतो. पहिल्या भागात एकच दिवस किंवा एकच रात्र घ्या. जागा चार-पाच. शेवटचं दृश्य आधी लिहा: तुमचं पात्र असं काय करतं, ज्यानंतर त्याला मागे फिरता येत नाही? ते सापडलं नाही तर तुमच्याकडे अजून मालिका नाही, विषय आहे. सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. मी घेतलं एक, त्यात माझी जोडाक्षरं फुटून निघाली. साधी फाइल चालते: दृश्याची जागा आणि वेळ, कोण काय करतं, कोण काय बोलतं. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजीच्या ठरावीक फॉन्टवर बेतलेला आहे, देवनागरीत त्यावर विसंबू नका. चार मित्रांना चहा पाजा, भूमिका वाटा, मोठ्याने वाचायला लावा आणि मोबाइलवर वेळ लावा. ज्या वाक्यावर वाचणारा अडखळतो ते वाक्य खोटं आहे. ज्या पानावर लोक मोबाइल बघू लागतात ते पान लांबलंय. असा निकाल तेवीस स्लाइड्सनी मला कधी दिला नाही.

माझा पायलट अजून कोणी घेतलेला नाही. दोन ठिकाणी पाठवलाय. एका ठिकाणाहून उत्तर आलं: "आवडला. डेक आहे का?"

आहे. पण मी त्यांना पुन्हा पस्तीस पानंच पाठवली, आणि वर लिहिलं की शेवटची दोन वाचा. अण्णांनीही तेवढीच वाचली आहेत. फोनवर म्हणाले, "मावशींना नात नव्हती. नातू होता."

तेवढं दुरुस्त केलं.