बियाण्याचें धान्य

जुलै महिना अखेरीस आला कीं अमेरिकेंतील बेसबॉलच्या प्रत्येक आशावंत संघापुढें एकच प्रश्न उभा राहतो. हंगाम अर्धाअधिक उलटला आहे, अग्रस्थान चार पावलांवर दिसत आहे; अशा वेळीं दुसऱ्या संघाचा एखादा मुरलेला खेळाडू घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर बदल्यांत आपल्या पदरचा कोणता पोर द्यावा? ही अदलाबदल संघांचे कारभारी आपसांत ठरवितात; खेळाडूस बहुधा कोणी विचारीत नाहीं. ज्यानें वरच्या श्रेणींत दहा वर्षें काढलीं व त्यांतील शेवटचीं पांच एकाच संघांत घालविलीं, किंवा ज्यानें करारांतच तसें कलम घालून घेतलें, त्यालाच काय तो नकाराचा हक्क. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा प्रकार खिल्लारी बैलांच्या बाजारासारखा वाटेल. आम्हांसही तो प्रथम तसाच वाटला. परंतु त्यामागचा हिशेब कोणत्याही मोठ्या घरच्या कर्त्या माणसास कळण्याजोगा आहे. यंदाचें कार्य साजरें करण्यासाठीं पुढच्या पेरणीचें बियाणें काढावें कीं नाहीं, एवढाच तो प्रश्न.

या बाबतींत १९८७ सालचें उदाहरण तिकडे आजहि वादांत निघतें. त्या वर्षीं डेट्रॉइटचा टायगर्स संघ टोरांटोच्या ब्लू जेज संघाशीं विभागाच्या अग्रस्थानासाठीं झगडत होता. चेंडू टाकणाऱ्या पिचरांची त्याची बाजू अपुरी पडत होती. १२ ऑगस्टला त्यानें अटलांटाच्या ब्रेव्हज संघाकडून डॉयल अलेक्झांडर हा छत्तीस वर्षांचा पिचर घेतला. बेसबॉलमध्यें सामन्याच्या जयापजयाचें श्रेय किंवा खापर पिचरच्या नांवावर मांडतात. त्या हिशेबानें अलेक्झांडरच्या खातीं तोंवर ५ विजय व १० पराजय होते. मोबदला म्हणून दिला जॉन स्मोल्ट्झ, वय वर्षें वीस, खालच्या श्रेणींत ४ विजय व १० पराजय. कागदावर पाहतां पडक्या भिंतीच्या बदल्यांत कच्ची भिंत!

पुढें जें घडलें तें थोडक्यांत सांगण्यासारखें नाहीं. अलेक्झांडरनें डेट्रॉइटसाठीं अकरा सामने सुरू केले, आणि ते अकराच्या अकरा संघानें जिंकले. त्याच्या स्वतःच्या नांवावर ९ विजय, पराजय एकहि नाहीं. दर नऊ डावांमागें त्यानें सरासरीनें अवघी दीड धाव दिली. सप्टेंबरच्या अखेरीस डेट्रॉइट टोरांटोंत लागोपाठ तीन सामने हरलें होतें. २७ तारखेचा चौथा हरला असता तर सारें संपल्यासारखेंच होतें. त्या दिवशीं हा गृहस्थ जवळजवळ अकरा डाव चेंडू टाकीत राहिला, आणि तेराव्या डावांत संघ जिंकला. टोरांटो त्यानंतर एकहि सामना जिंकूं शकला नाहीं. ४ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशीं, डेट्रॉइटनें त्याच टोरांटोवर एक विरुद्ध शून्य अशी मात केली व १६२ पैकीं ९८ विजयांनीं विभाग जिंकला. मग मिनेसोटाशीं गांठ पडली, तेथें मात्र संघ हरला. अलेक्झांडर दोन्ही वेळां पडला.

स्मोल्ट्झची हकीकत वाचतांना मन अंमळ कळवळतें. मुलगा मिशिगन प्रांतांतलाच, लान्सिंगला वाढलेला. त्याचे आजोबा डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियमवर कामास होते. ज्या अंगणांत खेळण्याचें त्यानें लहानपणापासून मनांत धरलें, तेथून त्यास न विचारतां परगांवीं धाडण्यांत आलें. अटलांटांत त्यानें २१३ विजयांपैकीं बहुतेक सारे मिळविले. १९९६ सालीं २४ सामने जिंकून त्यानें साय यंग पारितोषिक पटकाविलें आणि २०१५ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याला स्थान मिळालें. अलेक्झांडर १९८९ नंतर खेळला नाहीं.

तेव्हां डेट्रॉइट फसलें, असा निकाल पुष्कळ जण देतात. आमचें मत तसें नाहीं. निर्णयाची पारख त्या दिवशीं हातीं असलेल्या माहितीवरून करावयास हवी. स्मोल्ट्झ अटलांटांतहि एकदम उजेडांत आला नाहीं: १९८८ त त्याचे २ विजय व ७ पराजय झाले, १९९१ च्या पूर्वार्धांत २ व ११! तेथें तग धरण्यास त्याला अवकाश मिळाला, कारण अटलांटाला तूर्त जिंकण्याची घाई नव्हती. डेट्रॉइटमध्यें त्या पोराला इतकी मोकळीक कोणी दिली असती?

दोष शोधावयाचाच तर तो अन्यत्र आहे. एक पोतें दिल्यानें दुष्काळ पडत नाहीं. डेट्रॉइटच्या कणगींत दुसरीं पोतीं पुरेशीं नव्हतीं. १९८८ त त्यांचें अग्रस्थान एका सामन्यानें हुकलें, १९८९ त ते १०३ सामने हरले, आणि अंतिम फेऱ्यांचें दर्शन त्यांना पुन्हां २००६ सालींच झालें.

३१ ऑगस्ट २०१७ रोजीं याच डेट्रॉइटवर उलट बाजूस बसण्याची पाळी आली. चौतीस वर्षांचा जस्टिन व्हर्लँडर त्यानें ह्यूस्टनला दिला व तीन तरुण उमेदवार घेतले. व्हर्लँडरला नकाराचा हक्क होता. मुदत संपतां संपतां त्यानें होकार दिला. ह्यूस्टनसाठीं त्यानें हंगामांत सुरू केलेले पांचहि सामने जिंकले, आणि संघानें त्याच वर्षीं जगज्जेतेपद मिळविलें. त्या विजयावर पुढें प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्याचा डाग लागला, तो भाग निराळा. डेट्रॉइटनें त्या साली ६४ सामने जिंकले, ९८ गमावले. १९८७ चा आंकडा जणूं उलटा करून मांडलेला. त्या तीन पोरांपैकीं एकहि स्मोल्ट्झच्या तोलाचा निघाला नाहीं.