भोंगा कुणाचा?



पोरं बिघडली म्हणून सध्या महाराष्ट्रभर गळा काढणं चालू आहे. मोबाईलनं बिघडली, रीलनं बिघडली, गेमनं बिघडली. खोटं नाही ते. मी दिवेआगरच्या बौद्धवाडीत राहतो आणि डोळे उघडे ठेवून राहतो. आमच्यातल्या एका पोरानं ऑनलाइन रमीत आयशीचे बचत गटाचे पैसे उडवले. त्या बाईनं लोकांची सुपारी सोलून वर्षभर हप्ते भरले. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा होऊन पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तोवर या धंद्याची जाहिरात सिनेमातले नट हसत हसत करत होते. तेव्हा मोबाईलची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. माझा सवाल दुसरा आहे. पोरांच्या हातातून काय काढून घ्यायचं हे ठरवणारा कोण?

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी ७ ला भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. दीड तास पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. बातमी बीबीसीपर्यंत गेली. मी म्हणतो, चांगलं केलं. नियम मोठ्यांनाही लावला, नुसता पोरांना नाही, ही त्यातली इमानदारी. पण भोंगा बसवला कुठं? देवळावर! आता ही टूम गावोगाव निघाली तर काय होईल बघा. ज्या देवळाच्या पायरीवर आमचा आजा उभा राहू शकला नाही, त्याच्या कळसावरून नातवाला हुकूम सुटणार, चल अभ्यासाला बस.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यात बांशीच्या ग्रामसभेनं ठराव केला, १८ वर्षांखालच्या पोरांना मोबाईल बंद. सगळीकडून वाहवा झाली. गावानं ठरवलं म्हणाले. ‘गावानं ठरवलं’ हे शब्द कानावर आले की माझ्या अंगावर काटा येतो. गाव ठरवतं तेव्हा आमचे हात किती वर असतात? दोन्ही हातांच्या बोटांवर मोजा, बोटं उरतील.

आणि ठराव आम्हाला नवे नाहीत. आमच्याच जिल्ह्यातल्या महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये ठराव केला होता, चवदार तळं सगळ्यांना खुलं. तीन वर्षं तो कागदावर पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्यात पाणी आलं, आणि वर आमच्या माणसांनी मार खाल्ला. काही खुलं करणारा ठराव तीन वर्षं झोपतो. काही बंद करणारा ठराव त्याच संध्याकाळी लागू होतो. ही आपल्या गावाची कारभाराची रीत.

मोबाईलबंदी आली की पहिला मोबाईल कुणाचा जाईल? पोरीचा. तिच्या भावाचा नाही. ती कुणाशी बोलते, कुठल्या आळीतल्या पोराशी बोलते, ही खरी पोटदुखी. अभ्यासाचं नाव नुसतं पुढं करायला. २०१४ साली नगर जिल्ह्यात खर्ड्याला आमच्या सतरा वर्षांच्या पोराला वरच्या जातीच्या मुलीशी बोलला एवढ्यावरून मारून झाडाला टांगलं. २०१५ साली शिर्डीत एका पोराच्या मोबाईलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून त्याचा जीव घेतला. मोबाईल पोरांना कसा घातक आहे यावर व्याख्यानं झोडणाऱ्यांच्या तोंडून मी शिर्डीचं नाव अजून ऐकलेलं नाही.

बरं, पोरांच्या मनावर वाईट परिणाम करणारं साहित्य मोबाईलबरोबरच जन्मलं का? आम्हाला शाळेत एकलव्य शिकवला. अंगठा कापून दिला, केवढी गुरुभक्ती! मास्तरनं धडा संपवला आणि वर्ग आमच्या तीन पोरांकडे वळून बघायला लागला. मी नऊ वर्षांचा होतो. तो परिणाम मोजायला कुठला मानसशास्त्रज्ञ आला नाही. या देशानं १९५६ सालीच तरुणांना हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. चित्रांच्या भयकथा वाचून पोरं बिघडू नयेत म्हणून. १९५६! आम्ही धर्म बदलला ते साल. ज्या पुस्तकांनी आम्हाला माणसातून उठवलं ती मात्र या कायद्यात बसली नाहीत, ती संस्कारात बसली. पोरांसाठी अमर चित्रकथा १९६७ ला निघाली. देव झाले, राजे झाले, पतिव्रता झाल्या. बाबासाहेबांचा नंबर लागला १९७९ ला.

आमच्या दिवेआगरचं तर विचारूच नका. मराठीतला जुन्यातला जुना ताम्रपट इथं सापडला, शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. त्यावर नावं भटा-घैसासांची. आज पर्यटक येतो, सुपारीच्या बागेचं रील काढतो, उकडीच्या मोदकाचं काढतो, सुवर्णगणेशाचं काढतो. हजार वर्षांत पाटीचं रील झालं, बौद्धवाडी त्यातही नाही.

आता २०२० आठवा. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या अंगावर आलं. माडा-पोफळीच्या बागा झोपल्या, सुरूचं बन आडवं झालं, विजेचे खांब आणि मोबाईलचे टॉवर कोसळले. कित्येक आठवडे अंधार. वर कोरोना. आणि सरकार सांगतंय, शाळा बंद पण शिक्षण चालू, मोबाईलवर शिका! २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली सुरू झाली, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी. चांगला कार्यक्रम. पण पत्रे उडालेल्या घरात टीव्ही कुठला? मग आमच्या लोकांनी कर्ज काढून, मुंबईच्या भावाकडे हात पसरून मोबाईल घेतले. एका घरात एक, त्यावर तीन पोरं. शेजारची म्हातारी तेव्हा म्हणाली, “पोराचा शिकना त्या डबीत घातलान, नि डबीत रेंज नाय.” ज्यांनी तेव्हा डबी हातात दिली तेच आता म्हणतात, काढून घ्या.

काढून घ्या म्हणजे काय काय जाईल? रमी जाईल, जाऊ दे. नागडंउघडं जाईल, जाऊ दे. पण आमच्या वाडीतली अकरावीची पोर त्याच डबीवर बाबासाहेबांचं ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ वाचते. कारण छापलेलं पुस्तक मिळत नाही. शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांचे ग्रंथ काढायला घेतले, वसंत मून यांनी त्यासाठी जीव आटवला, आणि पुढं काम इतकं रखडलं की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. गावात वाचनालय नाही, डबी हेच वाचनालय.

दिल्लीच्या कायद्याचं बघा. डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुलांची कलमं लागू करायला १८ महिन्यांची मुदत. त्यात एक गोष्ट सोन्यासारखी आहे. १८ वर्षांखालच्या पोरावर कंपनीनं पाळत ठेवायची नाही, त्याच्यावर नेम धरून जाहिरात मारायची नाही. मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. हे कलम आपण दातात धरून ठेवलं पाहिजे. पण त्याच्याच शेजारी दुसरं, पालकांची पडताळलेली संमती. दिल्लीतल्या साहेबाच्या डोळ्यांसमोर आई, बाप, दोन खोल्या नि ओळखपत्र असणार. आमच्या वाडीत अर्ध्या पोरांचे आईबाप मुंबईत, पोरं आजीजवळ. आजी कायद्यानं पालक नाही, तिला अंगठ्याशिवाय सही नाही. वसतिगृहातल्या पोराची संमती कोण देणार? वॉर्डन? मग वॉर्डनविरुद्ध तक्रार ते पोर कशावरून करणार?

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांची खाती बंद केली. मला सरसकट बंदी पटत नाही, पण तिथं दंड कंपनीला आहे, पोराला नि आईबापाला नाही, हे शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे उलटं. कंपनीला हात लावायची छाती नाही, म्हणून पोराच्या कानफटात.

आणि खरं विष कुठलं ते कुणी बोलत नाही. सातवीतली पोरं आज आपापल्या जातीची रीलं घेऊन वर्गात येतात. कुणाची तलवार, कुणाची बुलेट, कुणाचं ‘आमच्या नादी लागू नका’. दहावी-बारावीचा निकाल लागला की आरक्षणावरच्या घाणेरड्या विनोदांचा पूर. कंपनीचं यंत्र ज्याला जे झोंबतं तेच त्याला पुन्हा दाखवतं, कारण झोंबलं की पोर जास्त वेळ बघतं आणि तिची जाहिरात खपते. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. तक्रार घेऊन गेलात तर ऐकायला मिळतं, खातं कुणाचं ते कळत नाही, सायबरला जा. यासाठी कुठल्या गावानं भोंगा बसवलाय? आपल्यातलेही काही दीडशहाणे १४ एप्रिलला कोयता नाचवून रील टाकतात आणि निळा झेंडा मागे धरतात. त्यांना काय म्हणावं? बाबासाहेबांनी हातात पेन दिलं, यांनी ते विकून कोयता घेतला.

शेजारच्या एका गावात २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोबाईलबंदीचा ठराव आणायची कुजबुज चालू आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा कायद्यानं घ्यावीच लागते. तिथल्या आपल्या बायांशी आम्ही बोललोय. त्या तिथंच लेखी देणार: वेळेचं बंधन घालायचं तर ते घरातल्या बाप्यांनाही घाला, एकट्या पोरींच्या हातातून काढायचा नाही, भोंगा लावायचा तर शाळेवर लावा, आणि बंदीच्या आधी समाजमंदिरात वाचनालय, दिवा नि बाबासाहेबांचे सगळे खंड. अर्जाचा मसुदा पुढच्या अंकात छापू. ज्यांच्या गावात असा ठराव झाला असेल त्यांनी त्याची नक्कल पाठवावी, खाली सह्या कुणाच्या आहेत त्यासकट.