सुटका, अपील आणि पहिल्या दिवसाचा पुरावा

दरोडा आणि खून अशा दुहेरी आरोपाच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला, की गावात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतो, ‘पैसा चारला असेल.’ कोणी म्हणतो, ‘सरकार अपील का करीत नाही?’ पहिल्या बोलण्याला बहुधा काही आधार नसतो. ते सोडून देऊ. दुसरे मात्र विचार करण्याजोगे आहे. खालच्या कोर्टात निसटलेला न्याय वरच्या कोर्टात हमखास हाती येईल, असा भाबडा विश्वास त्यामागे असतो. हा विश्वास कितपत खरा, हे २००३ साली घडलेल्या दोन गुन्ह्यांच्या खटल्यांवरून पाहता येते. एक अहमदाबादचा, दुसरा आपल्या नाशिकचा.

आधी या हक्काची थोडी कुळकथा पाहू. आबिड्सच्या फूटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. गाण्याची पुस्तके धुंडाळणाऱ्या आमच्यासारख्याच्या हाती तेथे कधी १८९८ ची फौजदारी कार्यपद्धतीची संहिताही लागते. तिच्या ४१७ व्या कलमात सुटकेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. ज्युरीने सोडलेल्या माणसाला पुन्हा कोर्टात खेचू नये, हा इंग्लंडातला जुना दंडक. पण इंग्रजांनी तो इकडे आणला नाही. १९५५ च्या दुरुस्तीने खासगी फिर्यादीवरील खटल्यात फिर्यादीलाही उच्च न्यायालयाच्या खास परवानगीने अपील करण्याची मुभा मिळाली. १९७३ च्या संहितेत सरकारचा अधिकार ३७८ व्या कलमात आला. परंतु पोलिसांनी चालविलेल्या खटल्यात, ज्याचे माणूस गेले त्या घराला मंत्रालयातील फाइलीकडे डोळे लावून बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. ३१ डिसेंबर २००९ पासून बळी पडलेल्या व्यक्तीला व तिच्या वारसांना स्वतः अपील करता येऊ लागले. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही दोन्ही हक्क कायम आहेत. म्हणजे १८९८ पासून मोजले, तर दुखावलेल्या घराला अपिलाचे आपले दार मिळायला १११ वर्षे लागली.

दार मिळाले खरे, पण आत गेल्यावर काय होते? औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानचे आणि पुढे राज्याचे होते. तिकडची अपिले मुसीकाठच्या आपल्या हायकोर्टात येत. त्यामुळे येथल्या जुन्या मराठी घरांना ‘मिसल’ हा शब्द नवा नाही. अपील चालते ते या मिसलीवर. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. तो काय बोलला ते कागदावर असते. कसा बोलला, कोठे अडखळला, कोणत्या प्रश्नाला त्याने मान खाली घातली, ते कागदावर नसते.

गाणे शिकविणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आमचे वडील दरबारी गवई होते. चीज वहीत लिहून देत, पण शिकवायला बसले की वही मिटायला लावीत. स्वर लिहिता येतो, स्वराचा लगाव लिहिता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. नुसत्या वहीवरून दुसऱ्याचे गाणे वाईट ठरविणाऱ्याने थोडे सबुरीने बोलावे, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्यानेही हीच सबुरी सांगितली आहे. १९३४ साली शिव स्वरूप खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे हा प्रश्न आला. लॉर्ड रसेल यांनी असे ठरविले, की सुटकेविरुद्धच्या अपिलात उच्च न्यायालयाला सारा पुरावा नव्याने तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साक्षीदारांच्या विश्वासार्हतेविषयी खालच्या न्यायाधीशाचे मत काय होते. आरोपी निर्दोष असल्याचे गृहीतक सुटकेने दुबळे होत नाही. संशयाचा फायदा आरोपीचाच. आणि साक्षीदार प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचा निष्कर्ष सहजासहजी मोडू नये. पुढे २००७ साली चंद्रप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एकाच पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर सुटकेला हात लावू नये.

याची दुसरी बाजूही न्यायालयानेच मांडली आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या शिवाजी बोबडे खटल्यात १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले, की संशयाच्या फायद्याचे अवास्तव स्तोम माजवू नये. अपराधी मोकाट सुटू लागले, तर कायद्यावरचा लोकांचा विश्वास उडतो. दिल्लीत १९९९ साली एका उपाहारगृहात तरुणीचा खून झाला. त्यातील आरोपी फेब्रुवारी २००६ मध्ये सुटले आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरविले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. तेव्हा अपील व्यर्थ आहे असे कोणी समजू नये. मिसलीत पुरावा असेल, तर तो वरच्या कोर्टाला दिसतो.

मिसलीतच तो नसेल तर? अहमदाबादेत २००३ साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. पायांतले चांदीचे पैंजण लुबाडले गेले. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले, आणि गुजरात सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ जानेवारी २०१४ रोजी ते अपील फेटाळले गेले. महत्त्वाचे साक्षीदार पुढे आणलेले नव्हते, डीएनए तपासणी केलेली नव्हती. तपासातील अशा एकेक उणिवा न्यायालयाने मोजून दाखविल्या. त्या पोराच्या आईबापांना न्याय मिळाला नाही, ही खंत मनात ठेवूनही दुसरा निकाल देता येत नव्हता.

नाशिकची कथा याच्या उलट, आणि म्हणून अधिक भयंकर. ५ जून २००३ च्या रात्री पेरूच्या बागेतील एका झोपडीत दरोडेखोर शिरले. तीन हजार रुपये व दागिने नेले, पाच माणसे मारली, स्त्रियांवर अत्याचार केले. सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी करून जन्मठेप दिली. ही काही सुटका नव्हे. पण सरकारला तेवढी दयाही मान्य झाली नाही. सरकारने अपील केले, ते जिंकले, आणि ३० एप्रिल २००९ रोजी सहाही जणांची फाशी कायम झाली. लोकांना वाटले, न्याय झाला.

प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. ही गोष्ट खटल्यात झाकून ठेवली गेली. त्या चौघांवर खटलाही भरला गेला नाही. सुटलेले सहाही जण भटक्या जमातींतले गरीब लोक. सोळा वर्षे तुरुंगात गेली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. पण ज्या घरातली पाच माणसे गेली त्याच्या पदरात काय पडले?

अहमदाबादेत सरकार अपील हरले, नाशिकात जिंकले. न्याय दोन्हीकडे झाला नाही. ‘बुंद से गई वो हौद से नहीं आती’ ही म्हण आपल्याकडे घराघरात आहे. पहिल्या आठवड्यातल्या तपासात जे सांडले, ते अपिलाच्या हौदाने भरून येत नाही.

२०१४ च्या त्या निकालात न्यायमूर्ती खेहर यांनी एक महत्त्वाचा आदेश दिला होता. प्रत्येक राज्याच्या गृहखात्याने सुटकेच्या प्रत्येक निकालाची छाननी करावी, सुटका कोणाच्या चुकीने झाली ते शोधावे, दोषी तपास अधिकाऱ्यावर वा सरकारी वकिलावर कारवाई करावी आणि त्या चुका पुढच्या लोकांना शिकवाव्यात. हा आदेश आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. यापुढे एखादी सुटका वाचून मन पेटेल, तेव्हा ‘अपील केव्हा?’ हे अवश्य विचारावे. त्याचबरोबर ‘पंचनामा कसा झाला, कोणता साक्षीदार वगळला, आणि त्याचा जाब कोणी घेतला?’ हेही विचारावे. याचे उत्तर मागण्याचा हक्क मेलेल्याच्या घराला आहे, आणि उद्या विनाकारण पकडल्या जाणाऱ्या गरिबालाही आहे.