निशाणी 34 कुठे गेली?

दिवाणी दाव्यात हरलेला पक्षकार निकालाची नक्कल घेऊन वकिलाकडे येतो आणि म्हणतो, "साहेब, सगळं लिहा, काही सोडू नका." मग अपील मेमो फुगत जातो. आजोबांपासूनची हकिकत, भावकीतली भांडणं, मध्येच दहा निवाडे. पहिला मुद्दा मात्र ठरलेला : 'खालच्या कोर्टाचा निकाल कायद्याला व पुराव्याला धरून नाही.'

हे असं लिहू नये, हे कायद्यानेच सांगून ठेवलं आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 41, नियम 1 म्हणतो, आक्षेप थोडक्यात मांडा, वेगवेगळे मांडा, त्यांना क्रमांक द्या. युक्तिवाद नको, हकिकत नको. तरी हा नियम सर्रास मोडला जातो आणि त्याची झळ पक्षकाराला बसते.

समजा, वाटपाचा दावा आहे. 'जमीन 1985 सालीच वाटून घेतल्याचं वादीने उलटतपासात कबूल केलं. निशाणी 34 वरचा फेरफार त्याला दुजोरा देतो. निकालात दोन्हींचा उल्लेख नाही.' एवढं वाचलं की न्यायाधीशांचा हात थेट निशाणी 34 कडे जातो. चाळीस पानांच्या मेमोत तीच निशाणी हरवते.

दुसऱ्या अपिलात तर मोघमपणाला जागाच नाही. 1976 च्या दुरुस्तीपासून कलम 100 खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो आणि तो मेमोतच नेमका लिहावा लागतो.

दोष एकट्या वकिलांचा नाही. हिमाचल प्रदेश हायकोर्टाचा एक निकाल अर्थच लागत नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये परत पाठवला. 2022 मध्ये त्याच हायकोर्टाच्या दुसऱ्या निकालाबाबत तेच घडलं, तेव्हा निकालातल्या परिच्छेदांना क्रमांक द्या, असंही सुचवावं लागलं.

सर्वांत महागात पडतो तो मोघम लिहिलेला स्थगितीचा अर्ज. नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. इकडे तारखा पडत असताना तिकडे दरखास्त चालू राहते आणि बेलिफ दारात येतो. स्थगितीसाठी मोठं नुकसान होईल हे कोर्टाला पटावं लागतं. 'भरून न येणारं नुकसान होईल' या छापील ओळीतून ते कसं पटणार? लिहायचं ते असं : 'घरात सात माणसं राहतात, दुसरा निवारा नाही, गोठ्यात चार म्हशी आहेत, ऊस तोडणीला आला आहे.'