रानातील मन आणि आपला न्याय

पुलगावच्या परिसरात कापूस-तुरीच्या राखणीसाठी जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला 'वन्य प्राण्यांना समज असते काय?' असे विचारले, तर तो विचारणाऱ्याच्या समजुतीविषयीच शंका घेईल. नवे बुजगावणे दिसले की रोही बिचकतात. काही रात्रींनी त्याच्या शेजारीच चरू लागतात. रानडुकरेही फटाक्यांच्या आवाजाला सरावतात. सरावणे म्हणजे विचार करणे नव्हे, हे खरे. परंतु उपजत प्रेरणेच्या चाकोरीबाहेर अनुभवातून शिकण्याची शक्ती या प्राण्यांत आहे, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागते.

मनुष्य आणि उच्च प्राणी यांच्या मनांतील भेद प्रकाराचा नसून प्रमाणाचा आहे, असे डार्विनने १८७१ मध्येच मांडले. केंब्रिज येथे २०१२ साली जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी तर जाणिवेला आवश्यक अशी मज्जारचना सस्तन प्राण्यांत व पक्ष्यांत असल्याचे जाहीर केले. तथापि, साध्या कारणाने उलगडा होत असेल तर प्राण्याच्या ठिकाणी वरच्या पायरीची बुद्धी कल्पू नये, हा लॉइड मॉर्गनने १८९४ मध्ये दिलेला इशाराही विसरता येत नाही.

तो विसरल्यास काय होते, हे डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील लऊळ गावी दिसले. वानरे कुत्र्यांची पिले उचलून नेत होती. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले, म्हणून हा सूड, अशी कथा जगभर पसरली. मारलेल्या पिलांचा आकडा अडीचशेपर्यंत फुगला. वन खात्याने दोन वानरे पकडून नेली. उंचावर नेलेली पिले अन्नपाण्यावाचून दगावली असावीत, हे साधे स्पष्टीकरण मात्र फारसे कोणी ऐकले नाही. वानराला भावना नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. मेलेले पिलू दिवसचे दिवस उराशी धरून हिंडणारी वानरी अभ्यासकांनी पाहिली आहे. पण भावना मान्य करणे वेगळे आणि आपला सूड तिच्या माथी मारणे वेगळे.

प्राण्याला यंत्र मानले की कुंपणात चोरून वीज सोडताना हात कापत नाही. ती वीज रानडुकराबरोबर वाघाचा आणि वाटसरूचाही बळी घेते. त्याला खलपुरुष मानले की शिक्षेची भाषा सुरू होते. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. मात्र शहरात बसून भूतदयेचा उपदेश करणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोह्याला भूक आणि भय आहे, तसेच ते शेतकऱ्यालाही आहे. पिकाची भरपाई वेळेवर व पुरेशी मिळाली नाही, तर आपल्या करुणेचे मोल तो एकटाच चुकवीत राहील. रानातील मनाचा आदर करावयाचा असेल, तर त्याचा खर्च सर्व समाजाने उचलला पाहिजे.