आधी पद द्या, मग नेतृत्वाचे धडे

मुख्याध्यापकांना नेतृत्व जमत नाही म्हणून शाळा सुधारत नाहीत, असं हल्ली सर्रास बोललं जातं. त्यावर तोडगाही ठरलेला असतो, प्रशिक्षणाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये मुख्याध्यापकांकडून वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. ते जरूर व्हावं. पण आजरा तालुक्यातल्या एखाद्या वाडीत जाऊन विचारा, इथे मुख्याध्यापक कोण? दोनशिक्षकी शाळेत जो सेवाज्येष्ठ, त्याच्याच गळ्यात प्रभारीपद. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150 च्या वर गेल्यावर. डोंगरातल्या वाडीने एवढी मुलं आणायची कुठून?

हा प्रभारी दोन वर्ग एकत्र बसवून शिकवतो. मधेच उठून पोषण आहाराचा तांदूळ मुलामागे 100 ग्रॅमप्रमाणे मोजून देतो, साठ्याच्या वहीत उतरवतो. तेवढ्यात मोबाइलवर निरोप येतो, 'माहिती आजच भरा'. यू-डायसवरची शाळेची माहिती असेल, मुलांचे अपार ओळख क्रमांक असतील, कुठल्या तरी दिनाचे फोटो असतील. रेंज नसली की फोन घेऊन चढावर जायचं. तोवर चारही वर्ग जोडीदाराकडे. यात नेतृत्व दाखवायला सवड कधी मिळते?

धोरणाची धरसोड निस्तरायची तीही त्यानेच. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय 16 एप्रिलला निघाला, 17 जूनला बदलला, 29 जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. शाळा तर जूनमध्येच सुरू झालेल्या. मंत्रालय लांब आहे; पालक जाब विचारतात तो दारातल्या गुरुजींना.

दुसरा युक्तिवाद समूह शाळेचा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार सरकारने 2023 मध्ये पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देत पुढे आणला. चार-पाच मुलांच्या वर्गात सोबत मिळत नाही, खेळ रंगत नाही, हे सरकारचं म्हणणं खरं आहे. पण आजऱ्याचा पाऊस ज्याने पाहिलाय, इथल्या शिवारात हत्ती उतरतात हे ज्याला ठाऊक आहे, तो सहा वर्षांच्या पोराला दुसऱ्या गावच्या शाळेत धाडायला सहज राजी होणार नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम अशाच मुलांसाठी आहे. गाडी देऊ म्हणणाऱ्यांनी जुलैत ओढ्याला पाणी आल्यावर ती वाडीपर्यंत कशी पोचणार, तेही सांगावं.

त्यापेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शाळा संकुलाची कल्पना आहे. शाळा आपापल्या जागी ठेवून शिक्षक, ग्रंथालय, खेळाचं साहित्य वाटून घ्यायचं. तिचा आधार घेऊन जवळच्या आठ-दहा वाड्यांच्या शाळांना मिळून एक पूर्णवेळ मुख्याध्यापक द्यावा, पटाची अट न घालता. त्याने आठवडाभर शाळाशाळांतून फिरावं, वर्गात बसावं, नवख्या शिक्षकाला हाताशी धरावं, पालकांशी बोलावं. माहिती भरायला आणि पोषण आहाराचा हिशेब ठेवायला सोबत एक लिपिक असावा. खर्च येईल, आणि तो सरकारने करायलाच हवा. आज हेच काम शिक्षकाच्या तासातून चालतं, म्हणजे त्याची किंमत वाडीतली मुलं मोजताहेत. ही दोन पदं मंजूर करा. पन्नास तासांचं प्रशिक्षण त्यानंतर सुरू करा.