सूर्यास्त कोठून पाहावा?

गतवर्षी सहलीनिमित्त विद्यार्थ्यांसह आम्ही मुंबईस गेलो होतो. समुद्रात बुडणारा सूर्य पाहावयाचा, हा मुलांनी वर्धा स्टेशनावरच केलेला संकल्प होता. कारण आपल्याकडे सूर्य मावळतो तो कपाशीच्या शेतांमागे, नाही तर धाम नदीकाठच्या झाडांमागे. सायंकाळी आम्ही सर्वांस गेटवे ऑफ इंडियापाशी नेऊन उभे केले. समोर समुद्र होता, पण सूर्य नव्हता! तो आमच्या पाठीशी, मोठमोठ्या इमारतींच्या आड गेला होता. तेव्हा एक विद्यार्थिनी नम्रपणे म्हणाली, "सर, येथे सूर्य उगवत असेल, नाही का?" गेटवे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, हे भूगोल शिकविणाऱ्या आम्हांस आधी सुचू नये, याची आम्हांस फार लाज वाटली.

त्या रात्री आम्ही नकाशा उघडून बसलो. पश्चिम किनारा गाठला म्हणजे काम झाले, असेही नाही. मावळतीचा बिंदू वर्षभरात ठीक पश्चिमेच्या दोन्ही बाजूंस सुमारे २५ अंश सरकतो. म्हणूनच गिरगाव चौपाटीवर बसणाऱ्यास वर्षातील बहुतेक दिवस सूर्य मलबार टेकडीमागे जाताना दिसतो. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकास, नरिमन पॉइंटवर, तो बाराही महिने सागरातच उतरतो. दुसऱ्या सायंकाळी आम्ही तेथे गेलो. वर्धेहून सुमारे २३ मिनिटे उशिरा तेथे सूर्यास्त होतो. बिंबाची कड पाण्यास टेकल्यापासून ते नाहीसे होईपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटे लागली; पण तेवढा वेळ आमची गडबडी मुले अगदी निःशब्द होती.

कित्येक पालक विचारतात, "सूर्य घरीही मावळतो, त्यासाठी एवढा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे. मोलमजुरी करून मुलांस शिकविणाऱ्यांनी तो विचारावा, यात गैर काहीच नाही. आमचे उत्तर इतकेच, की त्या कठड्यावर बसण्यास कोणासही एक पैसा पडत नाही. हमाल, विद्यार्थी, व्यापारी सारे तेथे एकाच दगडावर बसतात. ज्या शहरात हातभर जागेसही मोठे मोल पडते, तेथे असा किनारा सर्वांस मोकळा राहणे, ही आमच्या मते थोर गोष्ट होय. उंच हॉटेलच्या गच्चीवरून दृश्य अधिक दूरवर दिसत असेल. परंतु दाराशी पैसे मोजून मिळणाऱ्या जागेस आम्ही उत्तम जागा म्हणणार नाही.

आणि ज्यांस सहलीस येता आले नाही, त्यांनी खंत करू नये. विद्यार्थिमित्रहो, आपल्या अंगणातील एकच जागा ठरवा आणि दर महिन्यास सूर्य कोणत्या झाडामागे, कोणत्या घरामागे जातो, याची वहीत नोंद करा. वर्षअखेर तुम्हांस जे कळेल, ते आम्हांस मुंबईस जाऊन, फजिती करून घेऊन कळले. दिशा ओळखण्यास प्रथम घरीच शिकावे. मग समुद्र केव्हाही भेटो.